हुसेनभाईंनी आणलं

आमच्या दुबईतल्या अल कुसैसच्या फ्लॅटमधल्या सोफ्याची एकच कड खचली आहे. डाव्या टोकाची, तीही फक्त पुढची. बाकी सोफा ठणठणीत आहे. मधोमध मी रोज संध्याकाळी माझ्या संपूर्ण वजनासह बसतो, तरी त्याला काही झालेलं नाही. सोफा बदलायचा विषय घरात दरवर्षी निघतो आणि दरवर्षी माझी बायको सुनीता म्हणते, "बदलू या की. पण ती कड कापून ठेवायची."

ती कड हुसेनभाई परकारांची. ती त्यांनी बसून खचवली असं म्हणता येणार नाही, कारण ते बसायचेच नाहीत. टेकायचे. एक पाय पुढे, एक मागे, टाच उचललेली, हातात चहाचा कप आणि मान दाराकडे. बाहेर कुणीतरी त्यांचं नाव पुकारणार आहे आणि ते पहिल्याच हाकेला पोचले पाहिजेत, अशी एकूण बैठक.

"भाई, नीट बसा की हो," सुनीता म्हणायची.

"बसलोय की वहिनी," असं म्हणत ते उठायचे, खिडकीपर्यंत जायचे, खालच्या पार्किंगमध्ये काही घडत नाही याची खात्री करून पुन्हा टेकायचे.

आमची रेवा लहान असताना एकदा त्यांच्यापुढे उभी राहिली आणि शाळेतल्या मॅडमच्या थाटात म्हणाली, "अंकल, व्हाय आर यू ऑल्वेज लीव्हिंग?"

हुसेनभाईंनी प्रश्न मनावर घेतला. "बेटा, मी जात नाही," ते म्हणाले. "मी तयारीत आहे."

कशाच्या तयारीत, हे आम्हाला कळायला पुढे बरीच वर्षं लागली.

ते रत्नागिरीकडच्या खाडीकाठच्या एका गावातले. उंच, किडकिडीत, गुडघ्यापासून खाली नुसते पायच पाय. फॉर्मल पँट आणि खाली पळायचे बूट, हा त्यांचा कायमचा वेश. पँट घोट्याच्या वर दुमडलेली. आखातात चिखल कुठून येणार? पण त्यांना चालताना बघून वाटायचं, की या माणसाला पुढच्या पावलावर चिखल लागणार आहे आणि ते त्याला माहीत आहे.

आम्ही दोघं एकाच कंपनीत. अ‍ॅल्युमिनियमच्या खिडक्या करणारी मध्यम कंपनी. मी अकाउंट्समध्ये, म्हणजे बसून. ते पीआरओ. आखातात पीआरओ म्हणजे गोड बोलून कंपनीची जाहिरात करणारा माणूस नव्हे. कामगारांचे पासपोर्ट पिशवीत घालून सरकारी कचेऱ्यांमधून पळणारा माणूस. टायपिंग सेंटर, मेडिकल, लेबर, इमिग्रेशन, पुन्हा टायपिंग सेंटर. कचेरीतला साहेब चहाला उठायच्या आत खिडकीपाशी पोचणं हीच या धंद्यातली कला, आणि तीत हुसेनभाईंच्या जवळपास कुणी नव्हतं.

दुपारी ते ऑफिसात परतले की दारातच फाइल डोक्यावर धरायचे आणि म्हणायचे, "आणलं!"

झालं, मिळालं, काम फत्ते, असलं काही नाही. नेहमी एकच शब्द. कुणाचा व्हिसा असो, कुणाचं मेडिकल असो, आणलं. त्यांना मुलगी झाली तेव्हा हॉस्पिटलातून मिठाईचा डबा घेऊन आले आणि दारातूनच ओरडले, "आणली!" आमच्या मल्याळी मॅनेजरला त्या दिवसापर्यंत या शब्दाचा अर्थ 'कागद तयार' असा वाटत होता. तो म्हणाला, "व्हेरी गुड, फाइल इट."

आमच्या रेवाचा व्हिसा त्यांनीच आणला. ती नुकती जन्मलेली, तिकडे साताऱ्याला सासूबाई अत्यवस्थ, रात्रीचं विमान, आणि पोरीच्या पासपोर्टवर शिक्काच नाही. हुसेनभाई सकाळी पासपोर्ट घेऊन गेले. दुपार झाली, चार वाजून गेले. मी ऑफिसात बसून जे करता येतं ते केलं, म्हणजे घाम पुसला. शेवटी फोन आला, "टॅक्सी शारजाच्या रस्त्यावर अडकलीय. खलास, जाम." मी म्हटलं, "मग आता?" तर पलीकडून नुसता श्वासाचा आवाज. हा गृहस्थ टॅक्सी सोडून, दोन्ही बाजूंनी गाड्या उभ्या असलेल्या रस्त्यातून पळत येत होता. पोचले तेव्हा शर्ट अंगाला चिकटलेला, पँट गुडघ्यापर्यंत दुमडलेली. पासपोर्ट मात्र कोरडा. तो त्यांनी टोपीत ठेवला होता. सुनीतानं आईला शेवटचं पाहिलं, ते त्यामुळं.

म्हणून हुसेनभाई आमच्याकडे सोफ्यावर काहीही बोलले तरी आम्ही ऐकून घ्यायचो. आणि ते बोलायचे ते बहुतेक एकाच विषयावर: बदकांच्या शिकारीवर.

त्यांच्या तरुणपणी त्यांच्या घरी ठासणीची बंदूक होती. तेव्हा परवान्यावर चालायचं, नंतर कायद्यानं सगळं बंद झालं. थंडीत खाडीच्या खाजणात पहाटे बदकं उतरायची. अडई, थापट्या, कधी हंस. तिवरांच्या आडोशाला दबा धरून बसायचं, भरतीचं पाणी वाढत यायचं, आणि त्या पाण्याबरोबर थवा.

"मग?" रेवा विचारायची.

"मग काय, धडाम! आणि आणलं."

"हाऊ मेनी?"

"एका थंडीत इतकी आणली, की घरात कोंबडी खायला कुणी तयार नव्हतं."

आम्ही यातलं निम्मं वजा करून बाकीचं धरायचो. अकाउंट्सवाल्याला ती सवय असतेच. पण लोकांनी वजा केलं नाही. ऑफिसात, बिल्डिंगमध्ये, त्यांच्या गाववाल्यांत हुसेनभाई म्हणजे मोठे शिकारी, त्यांचा नेम म्हणजे विचारू नका, असं हळूहळू ठरूनच गेलं. त्यांनी ते कधी खोडलं नाही. कुणी म्हटलं, "भाई, तुम्ही वाघ मारला असेल," तर ते उठून खिडकीपाशी जायचे.

त्यांना मी पहिल्यांदा स्थिर पाहिलं ते कुद्राच्या तळ्यांवर. दुबईबाहेर वाळवंटात खोदलेली ही तळी. थंडीत शनिवारी-रविवारी अर्धी दुबई तिथं शेगड्या घेऊन येते. माझा मेहुणा कराडहून आला होता, म्हणून आम्ही ट्रिप काढली आणि हुसेनभाईंना घेतलं. त्यांच्या पत्नी, आमच्या भाभी, तेव्हा कॅनडाला लेकीच्या बाळंतपणाला गेल्या होत्या आणि नातवाच्या नादानं तिकडेच रमल्या होत्या, त्यामुळं भाई खोलीवर एकटे.

तिथं पाण्यावर बदकं होती. हुसेनभाई गाडीतून उतरले, काठच्या झुडपापाशी गेले आणि खाली उकिडवे बसले. आम्ही चटया घातल्या, चिकन भाजलं, माझ्या हातून कोळसे दोनदा विझले, मेहुण्यानं त्यावर विनोद केले, तरी ते तसेच. टाच हलत नव्हती. मान वळत नव्हती. सुनीता मला हळूच म्हणाली, "अहो, जाऊन बघा. बरं आहे ना त्यांना?"

मी गेलो. शेजारी बसायचा प्रयत्न केला. उकिडवं बसणं मला अवघड जातं, मी थेट मांडीच घातली.

"हलू नका," ते ओठ न हलवता म्हणाले. "तुमचा शर्ट पिवळा आहे."

तेवढ्यात मेहुणा कबाब चघळत मागून आला. "भाई, हा एवढा माल मोकळा सोडलाय? सरकारी जागा आहे ना ही? मग एखादं उचलायला काय हरकत? जाळंबिळं आहे का कुणाकडं?"

हुसेनभाई ताडकन उठले. थवाही त्यांच्याबरोबर उठला. "पाव्हणं, हात लावलात तर पोलिसांना पहिला फोन मी करीन. इथं दंड होतो, तुरुंग होतो, आणि ह्या साळुंख्यांचा व्हिसा मला पुन्हा आणता येणार नाही. सरकारी जागा म्हणजे फक्त बघायची!"

मेहुणा पुढे दोन दिवस माझ्याशी कमी बोलला. ते एकंदर बरंच झालं.

त्यानंतरच्या एक-दोन वर्षांत सगळं मोबाइलवर आलं. व्हिसा अ‍ॅपवर, लेबर अ‍ॅपवर, मेडिकलचा निकाल मेसेजवर. शिक्का गेला, खिडकी गेली, खिडकीमागचा साहेबही गेला. मॅनेजर प्रेमानं म्हणाला, "हुसेनभाई, नाऊ यू सिट अँड रिलॅक्स." दुसऱ्या कुणाला हे बक्षीस वाटलं असतं. त्यांना प्रिंटरशेजारी एक खुर्ची आणि कॉम्प्युटर दिला. खुर्ची नवीच राहिली. ते दिवसभर ऑफिसात फेऱ्या मारायचे आणि प्रिंटरमधून कुणाचाही कागद बाहेर आला की झडप घालून उचलायचे आणि त्याच्या टेबलापर्यंत न्यायचे. "आणलं," म्हणायचे. पण आता हळू आवाजात.

गुडघाही तेव्हाच कुरकुरायला लागला. इतकी वर्षं पळताना ज्यानं तक्रार केली नव्हती, तो गुडघा बसवून ठेवल्यावर बोलायला लागला. डॉक्टर म्हणाले, आज ना उद्या बदलावा लागेल. हुसेनभाई म्हणाले, "उद्या बघू."

मग तो व्हिडिओ कॉल आला. शुक्रवारची संध्याकाळ होती. हुसेनभाई सोफ्याच्या कडेवर, चहा हातात. स्क्रीनवर त्यांचा जावई इम्रान. तिकडच्या कंपनीत इंजिनियर, बोलायला मोकळा पोरगा. मागे भाभी नातवाला भरवत होत्या.

"अब्बा, आता पुढच्या सीझनला यायचंच," इम्रान म्हणाला. "इथं सरकारी जमिनीवर परवाना काढून कुणीही शिकार करू शकतो. बदक, गीज म्हणजे आपले हंस, सगळं. मी ऑफिसच्या मित्रांबरोबर जातो. तुमच्याबद्दल मी सगळ्यांना सांगून ठेवलंय, माय फादर-इन-लॉ इज अ लेजंड. तुमचा नेम बघायचाय सगळ्यांना."

हुसेनभाईंचा चहा बशीत सांडला.

"पण अब्बा, एक प्रॉब्लेम आहे," इम्रान पुढे म्हणाला. "माझ्या गोळीनं पडतात, पण मी जाऊन पोचेपर्यंत मरतात. सुरी लावायला जिवंत मिळतच नाहीत. मग काय, शेजाऱ्याला देऊन टाकतो. या वर्षी घरात एकही शिजला नाही. मित्रांकडे कुत्रा आहे, तो तोंडात धरून आणतो, पण ते आपल्याला कसं चालेल?"

आणि मग ते घडलं. हुसेनभाई मागे सरकले आणि सोफ्याला पूर्ण पाठ टेकवून बसले. आमच्या घरात प्रथमच. सुनीता स्वयंपाकघरातून धावत आली. "भाई, छातीत दुखतंय का?"

दुसऱ्या दिवशी सकाळी सातला त्यांनी माझ्या दाराची बेल वाजवली. "साळुंखे, यल्ला. तळ्यावर जाऊ."

गाडी मी चालवत होतो, म्हणजे उजव्या लेनमधून, ट्रकवाल्यांच्या शिव्या खात. इंटरनॅशनल सिटी मागे पडली. त्यांची टाच हलत होती. मग एकदम म्हणाले, "मी आयुष्यात बंदूक चालवलेली नाही."

मी ब्रेक दाबला. मागच्या ट्रकनं मला माझं खरं नाव सांगितलं.

"बंदूक दादाची," ते म्हणाले. "माझा मोठा भाऊ, अब्बासदादा. नेम त्याचा. मी पळणारा. आमच्या घरात रिवाज असा, की छर्‍यानं मेलेलं खायचं नाही. पक्षी पडला की जीव जायच्या आत पोचायचं, बिस्मिल्ला म्हणून सुरी फिरवायची, तर तो हलाल. उशीर झाला तर खलास, नुसता मेलेला पक्षी. कुत्र्यानं तोंड लावलेलं चालत नाही. म्हणून मी. आता कुत्र्याच्या जागेवर होतो असं म्हणा हवं तर. पण त्या खाडीत कुत्रा बुडाला असता, साळुंखे. खाजणातला चिखल मांडीपर्यंत. त्यात नुसतं पळता येत नाही, आधी पाय उपसावा लागतो. पहाटेपासून दगडासारखं बसायचं, डोळ्याची पापणी हलवायची नाही. आणि बार झाला की त्याच क्षणी सुटायचं. तुमच्या त्या रेवाला सांगा, तयारीत म्हणजे हे."

"पण तुम्ही तर सांगायचात..."

"काय सांगायचो? आठवा. मारलं असं मी कधी म्हटलं?"

मी आठवलं. खरंच, एकदाही नाही. धडाम, आणि आणलं. मारलं हे आम्ही आमच्याकडून जमेला धरलं होतं. माझ्यासारख्या हिशेबवाल्यानं!

"मग इम्रानला सांगून टाका की. नाही म्हणा. सोपं आहे."

त्यांनी मान बाहेरच्या वाळूकडे वळवली. "शेवटचा पक्षी उशिरा आणला मी," मग म्हणाले. "इकडं यायच्या आधीचा आठवडा. हंस होता, मोठा. दादानं पाडला, मी सुटलो आणि मध्येच चिखलात तोंडावर पडलो. पोचलो तेव्हा त्याची मान पडलेली. तसाच दादापुढं नेऊन ठेवला. दादा चिडला नाही. म्हणाला, जाऊ दे, पुढच्या थंडीत. पुढच्या थंडीत मी इथं. मग कायदा आला, बंदूक गेली. आणि दादा गेला तेव्हा... तुम्हाला माहितीय, आमच्यात मातीला वेळ लावत नाहीत. मी विमानतळावरून थेट कबरस्तानात पळालो. पोचलो तेव्हा लोक हात झटकून परत निघाले होते."

मी एसी कमी केला.

"तो पोरगा म्हणतोय, तिथं धावणारा कुणी नाही," हुसेनभाई म्हणाले. "एक आणायचाय मला. वेळेत. एकच. फक्त हा गुडघा साथ देतो का, ते बघू."

तर अशा रीतीनं माझ्या शनिवारांची वाट लागली.

तयारी साधी होती. तळ्यापासून लांब, गर्दी नसलेल्या बाजूला, झुडपांपलीकडे वाळूत गाडी लावायची. हुसेनभाई उकिडवे बसणार. मी कागदी पिशवी फुगवून फोडायची, हा बार. लगेच पक्षी झुडपात फेकायचा. पक्षी म्हणून आधी आमच्या सोफ्याची उशी नेली, पण ती पडताना वजन लागत नाही असं भाईंचं म्हणणं पडलं. म्हणून सुपरमार्केटमधली फ्रोझन कोंबडी आली. सुरी आमच्या घरची, भाजीची.

"पण पक्षी मेला की नाही, हे कसं कळणार?" मी विचारलं.

त्यांनी त्याचाही विचार केला होता. "तुम्ही श्वास रोखून धरायचा. तुमचा श्वास सुटला की पक्षी गेला."

म्हणजे बंदूकही मी आणि पक्षीही मीच.

पहिल्या शनिवारी मी पिशवी फोडली, कोंबडी भिरकावली, गाल फुगवले. हुसेनभाई उठले तेच गुडघा धरून. दहा-बारा पावलं लंगडत गेले असतील, तोवर माझा श्वास सुटला.

ते मागे वळून ओरडले, "साळुंखे, तुम्ही फार लवकर मरता!"

"माझं वय बघा! पोट बघा!"

"हंसाला पोट नसतं काय? धरा, पुन्हा धरा!"

त्या थंडीत माझी फुप्फुसं सुधारली, एवढं मी मान्य केलं पाहिजे. ऑफिसच्या जिन्यात मी आता थांबत नाही. त्यांचाही गुडघा पट्टी बांधून, तेल चोळून, शिव्या घालून हळूहळू वळणावर येत होता. झुडपाशी पोचायचे, पण दरवेळी माझा श्वास थोडा आधी सुटायचा. मी एकदा दयेपोटी चोरून नाकानं श्वास घेतला. त्यांनी तिथूनच ओळखलं. कोंबडी उचलून परत आले आणि ती माझ्यापुढं वाळूत ठेवली. "मेलेलं आणवू नका माझ्याकडून," एवढंच म्हणाले. पुन्हा मी तसं केलं नाही.

आणि एका शनिवारी, मी गाल फुगवून लाल झालेलो, हुसेनभाई सुरी घेऊन झुडपांकडे सुटलेले, अशा ऐन वेळी टेकाडावरून गस्तीची गाडी खाली आली.

आतून एक तरुण इमिराती उतरला. गणवेश कडक, गॉगल. त्यानं माझ्या हातातली फुटकी पिशवी पाहिली, मग सुरी घेऊन उभे असलेले हुसेनभाई पाहिले. माझा श्वास तेव्हा आपोआपच रोखलेला होता. मला डोळ्यांसमोर माझा व्हिसा, रेवाची शाळा, सुनीताचा चेहरा, असं सगळं क्रमानं दिसलं.

"शिकार मना है इधर," तो म्हणाला. "क्या पकड़ा?"

हुसेनभाईंनी झुडपातून ती बाहेर काढली आणि दोन्ही हातांनी समोर धरली. "हबीबी, मुर्गी."

त्यानं गॉगल काढला. कोंबडीवर सुपरमार्केटचं लेबल होतं. "ये मुर्गी भागता है?"

मग हुसेनभाई अरबीत बोलायला लागले. सरकारी खिडक्यांवर कमावलेली ती अरबी, सलामांनी आणि दुवांनी गच्च भरलेली. मला त्यातलं हलाल, बिस्मिल्ला आणि कॅनडा एवढंच कळलं. त्यांनी गुडघा दाखवला. आकाशातून काहीतरी पडल्यासारखा हात केला. मग माझ्याकडे बोट दाखवून गाल फुगवून दाखवले. तो पोरगा हसेल असं मला वाटलं. तो हसला नाही. तो हुसेनभाईंच्या गुडघ्याकडे बघत होता.

"मेरा बाबा भी ऐसा भागता था," तो म्हणाला. "सकर के पीछे." सकर म्हणजे ससाणा. ससाण्यानं पक्षी धरला की त्याचे वडीलही जीव जायच्या आत पोचायला वाळूतून असेच धावायचे. "अभी उसका भी घुटना खलास."

मग त्यानं हात पुढे केला. "मुर्गी ओके. भागना ओके. चाकू नहीं ओके."

सुरी त्यानं गाडीत टाकली. जाताना काच खाली करून हुसेनभाईंना काहीतरी म्हणाला. मी विचारलं, काय म्हणाला? "म्हणाला, उठताना पुढच्या पायावर नको, मागच्या पायावर जोर द्या. त्याचे बाबा तसं करायचे."

त्यांनी पुढच्या वेळी तसं केलं. आणि त्या दिवशी पहिल्यांदा, माझे गाल अजून फुगलेले असताना, झुडपामागून हात वर आला. हातात कोंबडी. "आणलं!" ऑफिसात ऐकू यायचा तोच आवाज. कितीतरी दिवसांनी.

सुनीताची सुरी गेली ती गेलीच. तिनं आठवडाभर मला विचारलं, मी आठवडाभर डिशवॉशरला दोष दिला. मग हुसेनभाई नवी सुरी कागदात गुंडाळून घेऊन आले आणि म्हणाले, "वहिनी, आणली." त्यावरून माझं बिंग फुटलं.

पुढं काय झालं ते आधी सांगून टाकतो, म्हणजे माझ्यामागे रुखरुख नको. कॅनडात पोचल्याच्या पहिल्याच रात्री त्यांनी इम्रानला खरं सांगितलं. इम्रान म्हणाला, "अब्बा, नेमवाले इथं ढिगानं आहेत." थंडी सुरू झाल्यावर एका दुपारी मला व्हॉइस मेसेज आला. आधी नुसता वारा. मग श्वास, धापा टाकणारा. मी मीटिंगमध्ये होतो, फोन कानाला लावून बाहेर आलो. बराच वेळ धापाच. मग म्हणाले, "पहिला गेला, साळुंखे. दुसरा आणला. गरम होता." आणि मागे इम्रानचा ओरडा, "अब्बा, बसा! बसा आधी!"

त्यानंतर गुडघ्याचं ऑपरेशन तिथंच झालं. ते परत आले नाहीत. त्यांची प्रिंटरशेजारची खुर्ची आता मी वापरतो. उत्तम आहे, तिच्यावर कुणी बसलेलंच नव्हतं.

मी त्यांना शेवटचं पाहिलं ते विमानतळावर. त्यांच्या लेकीनं परस्पर व्हीलचेअर सांगून ठेवली होती. अब्बांचा गुडघा, एवढा मोठा टर्मिनल, तिची काळजी बरोबरच होती. काउंटरवरच्या बाईनं खुर्ची पुढं केली, एक नेपाळी अटेंडंट मागे उभा राहिला, आणि हुसेनभाईंना बसावं लागलं. बसले ते अर्थातच कडेवर. पँट दुमडलेली, पळायचे बूट. मांडीवर पासपोर्ट ठेवलेली टोपी. इतक्या वर्षांत लोकांचे किती पासपोर्ट त्यांनी असे नेले असतील, या वेळी त्यांचा स्वतःचा होता. चेहरा मात्र प्रिंटरशेजारी बसवल्यावर असायचा तसा.

"जपून जा," मी म्हटलं. मला असल्या वेळी दुसरं काही सुचत नाही.

"हां," ते म्हणाले. खुर्ची हलली. अटेंडंट त्यांना घेऊन पुढं निघाला, मी हात हलवत राहिलो.

तेवढ्यात डाव्या बाजूला कुणाची तरी ट्रॉली कलंडली. वर रचलेल्या बॅगा फरशीवर धाडकन आदळल्या. इतका मोठा आवाज, की सगळा टर्मिनल दचकला.

आणि हुसेनभाई सुटले. मागच्या पायावर जोर देऊन. टोपी छातीशी धरून, माणसांमधून वाट काढत, मांडीभर चिखलातून पाय उपसावेत तसे गुडघे वर उचलत. सर्वांत लांब घसरत गेलेल्या बॅगेपाशी पोचले, खाली बसले, तिच्यावर हात ठेवला. तेव्हा कुठं त्यांना आपण कुठं आहोत याचं भान आलं असावं. त्यांनी मान वळवून मला शोधलं.

"साळुंखे!" एवढ्या गर्दीतून ते ओरडले. "जिवंत?"

मला उत्तर देता येईना. माझे गाल फुगलेले होते. मी केव्हा श्वास रोखला, मलाच कळलं नव्हतं. मी नुसता हात वर केला.

ते हसले. उठले, बॅग ज्याची होती त्याच्या हातात दिली, आणि गेटच्या दिशेनं तरातरा चालत सुटले. त्यांच्यामागून तो अटेंडंट, "अंकल, बैठो! अंकल!" असं ओरडत, रिकामी खुर्ची ढकलत पळत होता.